लेकरांचे अपघात टाळण्याच्या कामात करिअर करायचंय, मराठवाड्यात सुरुवात कुठून करावी?

दुधनाकाठ (प्रश्न)

एमबीबीएस झालं, बाँडचं वर्ष पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) चालू आहे, पुढे नीट पीजी. बालरोग घ्यावं असा सगळ्यांचा सल्ला आहे. मला मात्र लेकरांच्या अपघातांवर प्रतिबंधाच्या बाजूने काम करायचंय: बुडणं, भाजणं, विषबाधा, साप-विंचू, कडबाकुट्टीत बोटं जाणं, रस्ता. तेही असं की ते तांड्यावरच्या, पालावरच्या, वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांपर्यंत पोहोचलं पाहिजे. नाहीतर कठडे गावठाणात बांधले जातात आणि लेकरं शेतवस्तीवर बुडतात.

तीन गोष्टी विचारायच्यात. पदव्युत्तर शिक्षण कोणतं घ्यावं? पीएचसीत बसून आत्ता काय मोजता येईल? आणि पोस्टर, प्रभातफेरी सोडून खरोखर काय चालतं? जाणकारांनी मोजमापासकट सांगावं.

---

साथरोग_एमडी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून, बाकीचं इथले इतर लोक जास्त चांगलं सांगतील.

हे क्षेत्र डॉक्टरांनीच उभं केलंय. विल्यम हॅडन हे डॉक्टर १९६६ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले. साथरोगात आपण रोगी, रोगजंतू आणि परिसर बघतो. त्यांनी तीच चौकट अपघाताला लावली आणि जंतूच्या जागी ऊर्जा धरली: उकळत्या पाण्यातली उष्णता, ट्रॉलीचा वेग, मोटारीचा करंट. त्याला अपघाताआधी, अपघातावेळी आणि अपघातानंतर असे तीन टप्पे जोडले. ‘हॅडन मॅट्रिक्स’ म्हणतात ते हेच. कोणताही अपघात हातात आला की आधी हा तक्ता भरायची सवय लावा. ‘आईचं लक्ष नव्हतं’ हे त्यातल्या एकाच खान्यात बसतं, बाकीचे खाने मोकळे दिसले की काम कुठे आहे ते कळतं.

समन्यायाच्या बाजूने बघायचं तर बार्बरा बार्लो यांचं काम वाचा. त्या न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये बालशल्यचिकित्सक होत्या. गरीब वस्तीतल्या उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडायची. १९७० च्या दशकात शहराच्या आरोग्य खात्याने अशा घरांना खिडकीच्या जाळ्या फुकट दिल्या, तेव्हा ब्रॉन्क्स भागात पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. १९७६ मध्ये जाळी बसवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली. पुढे १९८८ मध्ये बार्लो यांनी हार्लेममध्ये बालदुखापत प्रतिबंधाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. जाळीचा खर्च कोणी करायचा, हा यातला कळीचा प्रश्न होता, आणि आपल्याकडेही विहीर असो की ट्रॉली, तोच आहे.

आता पदवी. एमडी कम्युनिटी मेडिसिन (पीएसएम) ३ वर्षांचं. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथे विभाग आहेत, पण जागा दरवर्षी यादीत तपासा. प्रबंधाचा विषय पहिल्याच सहामाहीत अपघातांवर पक्का करा, नाहीतर मधुमेह-रक्तदाबाचा विषय वाट्याला येतो आणि ३ वर्षं तिकडे जातात. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) हा दुसरा रस्ता: चेन्नईची राष्ट्रीय साथरोग संस्था, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, चंडीगढचं पीजीआय. बंगळूरच्या निम्हान्सचा साथरोग विभाग तर दुखापत प्रतिबंधासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र आहे, तिथे कमी मुदतीचं प्रशिक्षण मिळतंय का ते विचारा. नुसतं एमपीएच करून वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकीची वाट अवघड होते, हे लक्षात ठेवूनच निवड करा.

बालरोग घेऊनही हे काम होतं, पण ओपीडी दिवस खाऊन टाकते. माझं मत विचाराल तर एमडी पीएसएम आणि त्यानंतर जिल्हा परिषद. तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. कारण विहिरीचा कठडा, शाळेसमोरचा रस्ता, अंगणवाडीची वेळ यातलं काहीच आरोग्य खात्याच्या हातात नसतं. पाणीपुरवठा, बांधकाम, शिक्षण, महिला व बालकल्याण ही सगळी खाती एकाच इमारतीत जिथे बसतात ती जागा म्हणजे जिल्हा परिषद.

---

नोंदवही

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, आणि जरा लांब लिहितो, कारण बहुतेकांचं काम इथेच फसतं.

तुमच्या कॅज्युअल्टीचं रजिस्टर उघडा. ‘पडल्याचा इतिहास, कपाळावर जखम, ३ टाके.’ कशावरून पडलं, कुठे पडलं, काहीच नाही. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, दुखापतीचं स्वरूप ‘एस’ आणि ‘टी’ अक्षरांच्या कोडमध्ये येतं, तर बाहेरचं कारण ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’, ‘वाय’ मध्ये. आपल्याकडे पहिलं लिहितात, दुसरं सोडतात. बुडण्याचे कोड डब्ल्यू ६५ ते ७४, शेतीच्या यंत्राचा डब्ल्यू ३०, गरम द्रवाने भाजण्याचे एक्स १० ते १२, सापाचा एक्स २०, विंचवाचा एक्स २२, कीटकनाशकाच्या अपघाती विषबाधेचा एक्स ४८. रॉकेल शोधायचं असेल तर ते एक्स ४६ मध्ये सापडतं. एवढे कोड छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

त्याच रजिस्टरला पेन्सिलने पाच रकाने जोडा: कुठे, कशाने, लेकरू तेव्हा काय करत होतं, जवळ कोण होतं, आणि घर कुठल्या प्रकारचं (गावठाण, शेतवस्ती, तांडा, पाल, हंगामी). शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘भाजलं’ असं लिहू नका. असं लिहा: ‘वय १४ महिने. चुलीवरून उतरवलेलं आंघोळीचं पाणी, बादली जमिनीवर, लेकरू मागे सरकताना बादलीत बसलं. आई विसणाचं थंड पाणी आणायला गेली होती. शेतवस्ती.’ दोन मिनिटांचं काम आहे, पण एवढ्यात उपाय दिसतो: आधी थंड पाणी, मग गरम, आणि बादली चुलीच्या ओट्यावर.

मृत्यूंसाठी एकाच वहीवर भरवसा ठेवायचा नाही. पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद असते (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, आधी सीआरपीसी १७४). ग्रामपंचायतीकडे मृत्यू नोंद, रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद), आणि आशाताईकडे तिच्या वहीतलं. दोन स्वतंत्र याद्या जुळवून न दिसलेल्या मृत्यूंचा अंदाज काढता येतो. समजा, आशांच्या यादीत ४० मृत्यू, पोलिसांकडे ३०, आणि दोन्हीकडे सापडलेले १२. मग प्रत्येक आकड्यात १ मिळवून (४१ × ३१ ÷ १३) − १, म्हणजे साधारण ९७. डोळ्यांसमोर ५८ आहेत, ३९ कुठल्याच वहीत नाहीत. रुग्णालय आणि पोलिस ही जोडी मात्र घेऊ नका. एमएलसी झाली की रुग्णालयच पोलिसांना कळवतं, दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून राहतात आणि अंदाज कमी येतो. नावं जुळवताना वय, लिंग, गाव, तारीख (± २ दिवस) असं जुळवा. वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘बाबू’ आणि दुसरीकडे ‘बाबासाहेब’ असतं.

भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे एकूण लेकरं किती, हा दुसरा खड्डा. जनगणनेत पाल आणि वीटभट्टी नीट सापडत नाही. पण पल्स पोलिओच्या सूक्ष्म नियोजनात सापडतं. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांची पालं, ऊसतोडीचे अड्डे अशी ठिकाणं जोखमीची म्हणून त्यात वेगळी लिहिलेली असतात, ५ वर्षांखालच्या लेकरांच्या संख्येसकट. तुमच्याच पीएचसीच्या कपाटात ती फाइल आहे.

आणि एक गोष्ट जिल्ह्याच्या आढावा बैठकीत क्वचितच निघते. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. बीडचं लेकरू सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर दगावलं की ते बीडच्या आकड्यात येत नाही, आणि तिकडच्या जिल्ह्याला ते आपलं वाटत नाही. म्हणून परतीच्या हंगामात, एप्रिल-मे मध्ये, आशांकडून घरोघर एकच प्रश्न विचारून घ्या: ‘दसऱ्यानंतर घरातलं कुठलं लेकरू गेलं का, कुठे आणि कशाने?’ हा प्रश्न विचारायला आवाज हळू लागतो. आशाताईंना आधी त्याची तयारी करून द्या, यादी भरून घेण्याच्या घाईत पाठवू नका. माहिती प्रबंधात वापरणार असाल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधी, नंतर नाही.

---

मिस्तरी_वसमत

मी बांधकामाचा माणूस, डॉक्टर नाही. पण तिसरा प्रश्न आमचाच आहे.

*शेततळं.* मराठवाड्यात सगळ्यात फसवी जागा हीच. ३० × ३० × ३ मीटरचं तळं, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, १ : १.५ चा उतार. ओल्या कागदावर शेवाळ धरलं की मोठा माणूसही वर येत नाही, पाय सरकत राहतो. लेकराला वाचवायला उतरलेला बापही तिथेच अडकतो. उपाय स्वस्त आहे: चारही बाजूंना गाठींचा दोर. उताराची लांबी ५.४ मीटर येते, वर बांधायला दीड-दोन मीटर, म्हणजे गाठी मारून झाल्यावर दर बाजूला साडेसात मीटर धरा. जाडी १६ मिमी, दर फुटाला गाठ. पॉलिप्रॉपिलीनचा दोर घ्या, तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. खालच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा कॅन बांधला की पाणी वर-खाली झालं तरी टोक दिसतं. कॅन धुतलेला असावा, औषधाचा नको. वरचं टोक बांधावर २ फूट गाडलेल्या लोखंडी अँगलला. कागद दाबायला जो चर भरतात त्यात खुंटी ठोकू नका, कागद फाटतो आणि शेतकरी पुढच्या आठवड्यात दोर काढून टाकतो. दोर उन्हाने कुजतो, हाताला केसाळ लागला की बदला.

कुंपण ५ फुटांचं जाळीचं. ते फुकट जातं एकाच कारणाने: मोटार चालू करायला दिवसातून चार वेळा आत जावं लागतं, मग फाटक कायम उघडं. स्टार्टर आणि व्हॉल्व्ह कुंपणाबाहेर घ्या, फाटक आपोआप बंद राहील.

*विहीर आणि आड.* ५ वर्षांचं लेकरू साधारण ११० सेंटिमीटर उंच, आणि लहानपणी डोकं जड. अडीच फुटांचा कठडा त्याच्या पोटाच्या वर लागतो, ते वाकून बघतं आणि डोक्याकडून जातं. ४ फूट (१२० सेंमी) हवा, बाहेरून गिलावा गुळगुळीत, पाय ठेवायला खाच नको. बिघडतं कुठे? विहीर खोल केल्यावर निघालेला मुरूम कठड्याला टेकवून टाकतात, ४ फुटांचा कठडा दोन फुटांचा होतो. दुसरं म्हणजे पाइप कठड्यावरून आडवा नेतात, ती पायरी होते. पाइपला कठड्यातून भोक पाडा. बारवेला कठडा उपयोगाचा नाही, पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक लागतं. बारव संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

*घरातला हौद.* नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं म्हणून घरोघर जमिनीखाली टाकी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा भागात हौद ठेवू नका असं कोण सांगणार? झाकणाचं बघा. बाईला एकटीला उचलत नाही असं जड झाकण असलं की पाणी येण्याच्या दिवशी ते दिवसभर बाजूला पडून राहतं, आणि अपघात त्याच दिवशी होतो. म्हणून दोन थर करा. खाली पक्की बसवलेली लोखंडी जाळी, गजांत १० सेंमीपेक्षा कमी अंतर, त्यातून पाइप आणि दोरीचा छोटा डबा जाईल एवढीच जागा. वर हलकं पत्र्याचं, बिजागरीचं झाकण. आतला गाळ काढायला जाळी नट-बोल्टने सुटावी, वेल्डिंग केली तर साफसफाईला ती कापली जाते आणि परत कोणी बसवत नाही.

*बोअर.* सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश आहेत: खोदण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवणं, केसिंगभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा काँक्रीटचा ओटा (०.३० जमिनीवर, ०.३० खाली), तोंडाला वेल्ड केलेली पट्टी किंवा नट-बोल्टचं झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरून घेणं. पंप दुरुस्तीला काढला तरी तोंड उघडं ठेवायचं नाही. पाणी लागलं नाही तर शेतकरी निराश होऊन गोणपाट टाकून निघून जातो, तेव्हाच भरणं व्हायला हवं. गाडी अजून शेतात असते आणि खोदलेला चुरा शेजारीच पडलेला असतो.

*कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र.* कुट्टीला तीन गोष्टी: पात्यावर जाळीचं आवरण, काम थांबल्यावर चाक अडकवायला खिळी, आणि घास ढकलायच्या नळीत आधीच एक रूळ, ज्याला हात लागला की माणूस सावध होतो. हाताने फिरवायच्या कुट्टीत लेकरू चाक फिरवून खेळतं आणि धाकट्याची बोटं पात्यात असतात, तिथे खिळीच उपयोगी. पाच मिनिटांत लोहार करून देतो. मळणी यंत्राची नळी निदान ९० सेंमी लांब आणि त्यातली ४५ सेंमी झाकलेली असावी. लांबी कापून बसवलेली यंत्रं सर्रास दिसतात, कारण लांब नळीत पेंढी ढकलायला वेळ लागतो.

---

पाचट

मिस्तरींचं सगळं बरोबर आहे, पण हे सगळं ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांच्यासाठी. फडावरच्या लेकराचं सांगते.

दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे झोपडीत राहणं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघंही पहाटे ४ ला फडात. शाळेतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. दीड-दोन वर्षांचं लेकरू मात्र आईसोबतच येतं. ते झोपतं कुठे? ट्रॉलीच्या सावलीत. झोळी बांधतात कुठे? ट्रॉलीलाच, कारण तोडलेल्या फडात झाड नसतं.

म्हणून इथला पहिला नियम ट्रॉलीचा. झोळीसाठी तीन बांबूंची तिकाटी स्वतंत्र, ट्रॉलीच्या मार्गापासून ५० पावलं दूर. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ड्रायव्हरने ट्रॉलीभोवती पायी एक फेरी मारायची आणि मागे घेताना शिट्टी घेतलेला माणूस मागे उभा पाहिजे. ट्रॅक्टरवाला हे फुकट करणार नाही, घाई त्याच्या खेपांवर आहे. कारखान्याच्या वाहतूक करारात ही अट घालून घेतली तर चालतं. मुकादमाला धरून काही होतं, पण अट कारखान्याकडून आली पाहिजे.

कोपी पाचटाची. चूल तिच्या दारात मांडली की एक ठिणगी पुरते, आणि कोपीला दार एकच. चूल १०-१२ फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मागच्या बाजूला पाचट नुसतं टेकवून ठेवलेली दुसरी वाट, लाथेने पडेल अशी. चुलीभोवती चार मेखा आणि आडवे बांबू, गुडघ्याच्या वर. दिव्याच्या जागी सोलर कंदील, तो महाग वाटला तरी रॉकेलची चिमणी कोपीत नकोच.

बांगलादेशात १ ते ५ वर्षांच्या लेकरांसाठी गावातच ‘आंचल’ नावाची सांभाळघरं चालतात आणि त्यांनी बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. ती सकाळी ९ ते दुपारी १ चालतात, कारण तिथे आया त्या वेळेत कामात असतात. आपल्याकडे कोणी हीच वेळ उचलून फडावर पाळणाघर काढलं तर ते रिकामं राहील. आपली वेळ पहाटे ४ ते दुपारी १२. अड्ड्यावर १० लेकरांमागे एक सांभाळणारी, आणि ती टोळीतलीच बाई हवी, जिची तोडीची मजुरी भरून दिली जाईल. मजुरी न देता ‘म्हातारीला बसवा’ म्हणाल तर चौथ्या दिवशी म्हातारी मोळ्या बांधायला जाते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही हेच तत्त्व होतं: कामावरच्या बायांसोबत ६ वर्षांखालची ५ किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईने ती सांभाळायची. पैशासाठी दोन दारं ठोठवा, एक कारखाना आणि दुसरं गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ.

डॉक्टर, आणखी एक. तांड्यावर बोलायचं तर गोरमाटीत (बंजारा बोलीत) बोला किंवा बोलणारी व्यक्ती सोबत न्या. आणि ‘लक्ष ठेवत जा’ हे वाक्य सोडून द्या. जिचं लेकरू गेलंय तिच्या मनात हेच वाक्य आयुष्यभर फिरत असतं.

---

मण्यार

साप-विंचवाचं थोडक्यात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, खूण दिसत नाही, लेकरू पहाटे पोट दुखतं म्हणतं आणि पापण्या जड होतात. अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा कोपीतला सगळ्यात परवडणारा उपाय. नुसती लोंबती ठेवली तर उपयोग नाही. लेकराला प्रतिसर्पविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच, वजनावर कमी करायचा नाही, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं.

विंचवाचं औषध तर आपल्याच मातीतल्या डॉक्टरने दिलं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, काम केलं महाडला. त्यांच्यामुळे प्राझोसिन उपचारात आलं: ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो तोंडाने, हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी, लेकरू आडवं ठेवून, कारण पहिल्या गोळीने रक्तदाब उतरू शकतो. आज तुमच्या पीएचसीच्या साठा वहीत ही गोळी आहे का ते बघा. करिअर म्हणून विचाराल तर त्यांचं काम दाखला म्हणून पुरे आहे, तालुक्याच्या गावात बसून जगाला उपयोगी पडेल असं मोजता येतं.

---

दुधनाकाठ

मनापासून आभार. नोंदीचे रकाने उद्याच आखतो. एक अडचण उरते. समजा तालुक्यातल्या शेततळ्यांना दोर लावले, सांभाळघर काढलं, तर उपयोग झाला हे दाखवायचं कसं? आणि कठड्यांना पैसा कुठल्या शीर्षाखाली?

---

नोंदवही

मृत्यूच्या आकड्याने एका तालुक्यात दाखवायला जाऊ नका. वर्षाला सरासरी १० बुडून मृत्यू होत असतील, तर काहीही न करता एखाद्या वर्षी ६ किंवा त्याहून कमी होण्याची शक्यता शंभरात तेरा आहे. ६ आले म्हणून पेढे वाटले आणि पुढच्या वर्षी १३ झाले की कार्यक्रम बंद पडतो. त्याऐवजी मधली गोष्ट मोजा: १०० शेततळ्यांपैकी किती ठिकाणी चारही दोर हाताने ओढून पक्के लागले. हौदावर खालची जाळी किती घरांत, आणि न कळवता गेल्यावर झाकण बंद किती ठिकाणी. भेट पाणी येण्याच्या दिवशीच ठेवा. हे सगळं गावठाण, शेतवस्ती, तांडा असं वेगळं मांडा. एकूण ८० टक्के आणि तांड्यावर २० टक्के असेल, तर ८० हा आकडा अहवालात आधी लिहू नका. मृत्यूंसाठी दोन-तीन जिल्हे आणि निदान ३-४ वर्षं लागतील. गावं चिठ्ठी टाकून टप्प्याटप्प्याने घेतली तर शेवटच्या टप्प्यातली गावं तोवर तुलनेला मिळतात आणि कुणालाच वगळावं लागत नाही.

---

साथरोग_एमडी

पैशासाठी ग्रामपंचायत विकास आराखडा. त्याच्या ९ संकल्पनांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे, कठडा आणि फाटक त्याखाली मांडा. अर्ज ‘अपघात प्रतिबंध’ नावाने देऊ नका, ते शीर्ष ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) सापडत नाही. ‘सार्वजनिक विहिरीस कठडा, गट क्रमांक अमुक’ असं एकेक काम, मिस्तरीच्या अंदाजपत्रकासह. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, आणि तुमच्याकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. म्हणजे तांड्यावरची माणसं ग्रामसभेत बसू शकतील असे आठवडे थोडेच आहेत, यादी सप्टेंबरमध्येच तयार पाहिजे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय आराखडा काढलाय, पत्रात त्याचा उल्लेख करा, जिल्हाधिकारी कार्यालयात पत्राला वजन येतं. २५ जुलै हा जागतिक बुडणे प्रतिबंध दिन. त्या दिवशी रॅलीऐवजी प्रत्येक आशाताईने आपल्या गावची पाण्याची ठिकाणं चालत मोजावीत: विहीर, आड, शेततळं, खदान, वाळू उपशाचे खड्डे. गंगेच्या (गोदावरीच्या) आणि दुधनेच्या पात्रातले खड्डे पहिल्या पुरात झाकले जातात, वरून पाणी गुडघ्याएवढं दिसतं.

---

मण्यार

आणि त्याच दिवशी आशाताईंना बुडालेल्याचं प्रथमोपचार बाहुलीवर शिकवा. लेकराला उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं अजून गावोगाव चालतं, त्यात हाताशी असलेली मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास, जाणकार दोघं असतील तर लेकराला १५ ला २. छाती एक तृतीयांश आत जाईल एवढा दाब, हे हाताला कळायला बाहुलीच लागते. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं पाणी हेही सांगा. टँकरच्या गावात ते कसं करायचं तेही दाखवा: एक घागर, तांब्याने बारीक धार, खाली परात. टूथपेस्ट आणि शाई दोन्ही नको.

---

पाचट

डॉक्टर, सप्टेंबरच्या यादीला आमच्या तांड्यावरच्या दोघी येतील. पोलिओच्या फाइलमधली अड्ड्यांची पानं झेरॉक्स करून ठेवा. मागच्या हंगामात कुठली टोळी कुठल्या कारखान्याला गेली होती ते त्या पानांवरच लिहून देतील.